दिवाणखान्यातील क्रीडासंगणक आणि किमान प्रमाणाचा प्रश्न

अनेकांनी घडविलेली वस्तू एकाच नावाने विकली जाऊ लागली, की त्या नावाचा अर्थ कोणी निश्चित करावयाचा, असा प्रश्न उपस्थित होतो. धान्याच्या मापांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. ‘पायली’ हा शब्द सर्वत्र एकच. पण तीत मावणारी ज्वारी गावागणिक वेगळी. वजने व मापे प्रमाणित करणारा कायदा १९५६ साली झाला आणि मेट्रिक पद्धती आली, तेव्हा हा घोळ निदान कायद्यापुरता मिटला. घरातील दूरचित्रवाणी-संचाला जोडून खेळ खेळण्यासाठी जे संगणक विकले जातात, त्यांच्या बाबतीत मात्र पायलीचा काळ अद्याप संपलेला नाही. त्यांना येथे सोयीसाठी ‘क्रीडासंगणक’ म्हटले आहे. एकाच कंपनीने बनविलेल्या व बंदिस्त रचनेच्या यंत्रास बाजारात ‘कन्सोल’ म्हणतात. त्याचा अर्थ ठरलेला असतो, कारण अर्थ लावणारा एकच आहे. प्रश्न उद्भवतो तो अनेक उत्पादक एकाच नावाखाली यंत्रे बनवू लागतात तेव्हा.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील राजूर हे गाव गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. अशा गावातील एखाद्या कुटुंबाने असा संगणक घेण्याचे ठरविले, असे उदाहरणादाखल समजावे. ‘दिवाणखाना’ हा शब्द तेथे पुस्तकीच ठरेल. बैठकीची खोली म्हणावे हे बरे. त्या खोलीत टीव्ही आहे, समोरच्या भिंतीशी दिवाण आहे आणि दोहोंमधील अंतर सुमारे ३ मीटर आहे. घेणाऱ्यास प्रोसेसरची पिढी, ग्राफिक्स कार्डाची स्मृती यांतले बारकावे ठाऊक नसतात, आणि ते असावेत अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे. त्याला एवढेच हवे असते की, खोक्यावर जे चिन्ह आहे तेच चिन्ह असलेला खेळ आणला तर तो चालावा. किमान प्रमाण म्हणजे हे वचन. त्याचे दुसरे टोक खेळ रचणाऱ्याच्या हाती असते: हे चिन्ह असलेल्या कोणत्याही यंत्रात निदान इतकी शक्ती असेलच, असा भरवसा त्यास मिळतो. उत्पादकास या दोन वचनांच्या मधल्या जागेत आपला नफा शोधावयाचा असतो आणि बहुतेक प्रमाणे याच जागी मोडतात.

या इतिहासाचा आरंभ १९८३ च्या उन्हाळ्यात सापडतो. त्या वर्षी १६ जून रोजी जपानमधील आस्की या कंपनीने, मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने, ‘एम्‌एस्‌एक्स’ हे प्रमाण जाहीर केले. झेड-८० जातीचा प्रोसेसर, ठरावीक चित्रमंडल, ठरावीक ध्वनिमंडल, ३२ किलोबाइट स्थायी स्मृतीत बेसिक ही भाषा, आणि निदान ८ किलोबाइट रॅम, असे त्याचे स्वरूप होते. सोनी, मात्सुशिता, तोशिबा, सान्यो, यामाहा, फिलिप्स, गोल्डस्टार अशा अनेक कंपन्यांनी त्यानुसार यंत्रे काढली. घरचा टीव्ही हाच त्यांचा पडदा होता. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता तोच, १५ जुलै १९८३ रोजी, निन्टेन्डो कंपनीने जपानमध्येच ‘फॅमिकॉम’ हे आपले यंत्र विक्रीस आणले. पहिले यंत्र अनेकांसाठी बुद्ध्याच रचलेले प्रमाण होते, तर दुसरे एका कंपनीची खासगी मालमत्ता. पण काळाने या दोहोंच्या भूमिकांची अदलाबदल केली, आणि तीही आपल्या डोळ्यांसमोर.

एम्‌एस्‌एक्सची अडचण त्याच्या किमानपणातच होती. ८ किलोबाइट हे किमान मान ठरविल्याबरोबर कॅसिओने १९८४ मध्ये नेमकी तितकीच रॅम असलेले स्वस्त पीव्ही-७ हे यंत्र काढले. अन्य काही उत्पादकांची यंत्रे ६४ किलोबाइटची होती. अधिकाधिक ग्राहक गाठू पाहणारा खेळकर्ता साहजिकच खालच्या यंत्राकडे पाहून लिहितो, आणि मोठ्या यंत्राच्या मालकाने मोजलेले जादा पैसे त्याच्या कामी येत नाहीत. हे ध्यानी आल्यावर १९८५ मध्ये दुसरी, १९८८ मध्ये तिची सुधारित आणि १९९० मध्ये ‘टर्बो आर’ ही आवृत्ती निघाली. प्रत्येक पायरीवर उत्पादक गळत गेले. शेवटच्या आवृत्तीचे यंत्र बनविणारी एकच कंपनी उरली, आणि अनेकांचे प्रमाण एकाचे होऊन संपले. तथापि भाषेच्या अभ्यासकाने या प्रयोगाची एक बाजू विसरू नये. कळफलक व अक्षरसंच देशपरत्वे बदलण्यास या प्रमाणात मुभा होती. कुवेतच्या अल्‌-आलमिया कंपनीने ‘सख्र’ या नावाने अरबी लिपी जाणणारी एम्‌एस्‌एक्स यंत्रे काढली. उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी, शब्दातील स्थानानुसार अक्षराचे रूप बदलणारी लिपी त्या अल्पशा स्मृतीतही बसविता आली, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या संदर्भात महत्त्वाची आहे.

उलट फॅमिकॉमचे काय झाले? १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याच्या नकला आशियाभर पसरल्या. भारतात त्या ‘व्हिडिओ गेम’ या नावानेच ओळखल्या जात, आणि खेळाच्या काडतुसास घरोघर ‘कॅसेट’ म्हणत. त्या वस्तूत फीत मुळीच नसे, पण गाण्यांच्या कॅसेटीसारखीच ती खोबणीत बसवावयाची असल्यामुळे नाव रुळले. नकला बनविणारे कारखाने अनेक, त्यांच्या खोक्यांवरील नावे नाना, त्यांना बांधणारा करार कोणताही नाही. तरीही एका यंत्राची कॅसेट दुसऱ्यात हमखास चाले. याचे कारण साधे होते. ६० टोकांची खोबण, २ किलोबाइट रॅम, २५६ × २४० ठिपक्यांचे चित्र आणि मूळ प्रोसेसरची हुबेहूब वागणूक यांपैकी काहीही बदलले तर कॅसेट चालत नसे, आणि जे यंत्र कॅसेट चालवीत नाही ते जत्रेतही विकले जात नसे. येथे किमान प्रमाण व कमाल प्रमाण एकच होते. आपल्या दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सेकंदास ५० क्षेत्रांचे, तर मूळ जपानी यंत्र ६० चे. तेव्हा नक्कल करणाऱ्यांनी चित्राची गती टीव्हीप्रमाणे बदलली, मात्र प्रोसेसर व चित्र यांच्या गतींचे आपसांतील नाते असे राखले की जुन्या कॅसेटी चालत राहाव्यात. कायद्याच्या दृष्टीने ही चोरी होती, यात शंका नाही. परंतु अनेक उत्पादकांची व परस्परांशी जुळणारी क्रीडायंत्रे खेड्यांतील बैठकीच्या खोलीपर्यंत पोहोचविणारे प्रमाण जर कोणते असेल, तर ते हे. प्रमाणभाषा व्याकरणकारांच्या आधी बाजारात घडते, असे म्हणता येईल. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण यंत्रांच्या जगात दुसरे सापडणे कठीण.

लिखित प्रमाणाचा पुढचा मोठा प्रयत्न १९९० नंतर झाला. ‘मल्टिमीडिया पीसी’ या नावाने उत्पादकांच्या व सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मंडळाने एक चिन्ह ठरविले. पहिल्या श्रेणीस २ मेगाबाइट रॅम, ३० मेगाबाइटची हार्ड डिस्क आणि सीडी-रॉम आवश्यक होती. १९९३ च्या दुसऱ्या श्रेणीस ४ मेगाबाइट व १६०. १९९६ च्या तिसऱ्या श्रेणीस ७५ मेगाहर्ट्‌झचा पेन्टियम, ८ मेगाबाइट व ५४०. आकडे आज हास्यास्पद वाटतात. परंतु पहिल्या श्रेणीतील एक अट आजही वाचण्यासारखी आहे: सीडीवरून सेकंदास १५० किलोबाइट माहिती वाचताना प्रोसेसरच्या शक्तीचा ४० टक्क्यांहून अधिक भाग खर्ची पडता कामा नये. ही अट भागाची नव्हे, वर्तनाची आहे. यंत्रात काय आहे हे न विचारता यंत्र काय करू शकते हे ती विचारते. अशा अटी मोजक्या होत्या आणि बाकी सारा भर भागांच्या यादीवर होता, हा त्या प्रमाणाचा दोष म्हणावा लागेल.

त्याच सुमारास ‘थ्रीडीओ’ ही रचना निराळ्या मार्गाने निघाली. ट्रिप हॉकिन्स यांच्या कंपनीने केवळ आराखडा बनवावा आणि पॅनासोनिक, सान्यो, गोल्डस्टार यांनी यंत्रे काढावीत, अशी योजना होती. येथे प्रमाण काटेकोर होते. नडले ते अर्थशास्त्र. कन्सोलवाल्या कंपन्या यंत्र तोट्यात विकून खेळांच्या विक्रीत तूट भरून काढीत. थ्रीडीओच्या व्यवस्थेत खेळांवरील स्वामित्वधन आराखडा देणाऱ्या कंपनीस मिळे, म्हणून यंत्र बनविणाऱ्यास यंत्रावरच नफा काढणे भाग होते. परिणामी पॅनासोनिकचे यंत्र १९९३ मध्ये सुमारे ७०० डॉलरना बाजारात आले आणि १९९६ पर्यंत ही रचना मावळली.

या पार्श्वभूमीवर व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम मशीन’ची कथा पाहावी. सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांची घोषणा झाली. लिनक्सवर आधारलेली ‘स्टीमओएस’ ही कार्यप्रणाली कंपनीने पुरवावी आणि यंत्रे इतरांनी बनवावीत, अशी कल्पना होती. चांगला, अधिक चांगला व सर्वांत चांगला अशा तीन प्रती असाव्यात, असा विचार त्या वर्षी बोलून दाखविला गेला होता. पण प्रती कोणत्या कसोटीवर ठरवावयाच्या, हे लेखी कधी आलेच नाही. चाचणीसाठी वाटलेल्या ३०० नमुनायंत्रांतही चार वेगवेगळ्या शक्तींची ग्राफिक्स कार्डे होती. जानेवारी २०१४ मध्ये डझनाहून अधिक उत्पादकांनी आपली यंत्रे मांडली, तेव्हा त्यांच्या किमती ४९९ डॉलरपासून ६,००० डॉलरपर्यंत होत्या. म्हणजे एकाच नावाच्या दोन वस्तूंत बारा पटींचे अंतर. ज्या शब्दाची व्याप्ती इतकी पसरते, तो शब्द वर्गवाचक राहत नाही. तो केवळ मालकाचा शिक्का होतो. यंत्रे १० नोव्हेंबर २०१५ रोजी विक्रीस आली आणि २०१८ च्या वसंतात कंपनीच्या दुकानातील त्यांचा ठळक विभागही नाहीसा झाला.

अपयशाचे सारे खापर किमान प्रमाणाच्या अभावावर फोडणे मात्र योग्य होणार नाही. बहुसंख्य खेळ विंडोजसाठी लिहिलेले होते आणि स्टीमओएसवर ते चालत नसत. हा अडसर दूर करणारी ‘प्रोटॉन’ ही व्यवस्था ऑगस्ट २०१८ मध्ये आली, तोवर उत्पादक निघून गेले होते. यंत्रे आधी आली आणि त्यांच्या उपयोगाचे साधन सुमारे तीन वर्षे मागाहून.

किमान प्रमाण नसण्यापेक्षा ते खालावणे कधीकधी अधिक घातक ठरते. ‘विंडोज व्हिस्टा केपेबल’ ही चिकटपट्टी २००६ मध्ये संगणकांवर लावली गेली. तीसाठीची अट इतकी शिथिल करण्यात आली की, त्या प्रणालीचे नवे दृश्यरूप दाखवू न शकणारी इन्टेलची ९१५ ही चित्रव्यवस्था असलेले संगणकही तीत बसले. अमेरिकेत त्यावर ग्राहकांचा खटला उभा राहिला. २००८ मध्ये न्यायालयाने तो सामूहिक दावा म्हणून मान्य केला आणि २००९ मध्ये ती मान्यता काढून घेतली. ग्राहकांच्या पदरी पडले ते थोडेच. तथापि ‘क्षम’ या विशेषणाचा अर्थ कोणत्या क्रियेशी जोडून वाचावयाचा, यावर न्यायालयात वाद व्हावा, ही घटना शब्दार्थशास्त्राच्या वर्गात सांगण्याजोगी खचित आहे.

व्हॉल्व्हने पुढे उलट दिशेने वाटचाल केली. फेब्रुवारी २०२२ पासून विकले जाऊ लागलेले ‘स्टीम डेक’ हे हातात धरावयाचे यंत्र कंपनीने स्वतः बनविले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्येच खेळांसाठी कसोट्या जाहीर केल्या होत्या. म्हणजे यंत्र एक धरून त्याच्याशी खेळ ताडावयाचे. खेळ हातातील नियंत्रकाने पूर्णपणे खेळता यावा. अक्षरे टंकावी लागतील तेथे पडद्यावरील कळफलक आपोआप यावा. आणि १२८० × ८०० ठिपक्यांच्या पडद्यावर कोणतेही अक्षर ९ ठिपक्यांहून लहान नसावे, अशा त्या कसोट्या आहेत. या साऱ्या वर्तनाच्या अटी आहेत. २०२५ मध्ये लेनोव्होच्या एका यंत्रावर स्टीमओएस अधिकृतपणे आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘स्टीम मशीन’ हे नाव पुन्हा जाहीर झाले. या वेळी मात्र १६ गिगाबाइट रॅम आणि ८ गिगाबाइट चित्रस्मृती असलेल्या, कंपनीच्याच एका ठरीव घनाकृती यंत्रासाठी. अनेकांच्या नावाला पुन्हा एकच अर्थ देण्यात आला.

आता राजूरच्या खोलीकडे वळावे. भारतात अशा यंत्रांना कोणतेच प्रमाण लागू नाही, असे नाही. इलेक्ट्रॉनिक व माहिती-तंत्रज्ञानविषयक वस्तूंची सक्तीची नोंदणी २०१२ च्या आदेशाने आली. तिच्या मूळ यादीत ‘इलेक्ट्रॉनिक खेळ (व्हिडिओ)’ ही एक वस्तू आहे व तिला आयएस ६१६ हे मानक लावले होते. ‘स्वयंचलित माहिती-प्रक्रिया यंत्र’ ही दुसरी, व तिला आयएस १३२५२. क्रीडासंगणक या दोन नावांपैकी कोणत्या नावाचा, हा प्रश्न वरवर पाहता शब्दच्छलाचा वाटेल, पण मानक नावावरून ठरते. दोन्ही मानके सुरक्षिततेची आहेत. यंत्राने झटका देऊ नये, पेट घेऊ नये, इतके ती पाहतात. यंत्र खेळ चालवील की नाही, हा त्यांचा विषय नव्हे.

मग किमान प्रमाणात काय असावे? रॅम व ग्राफिक्स कार्डाचे आकडे दोन-तीन वर्षांत शिळे होतात. ते श्रेणीच्या वर्षासह द्यावेत व सोडून द्यावेत. त्याहून टिकाऊ अशा काही अटी स्थळकाळातून निघतात. ‘प्लेस्टेशन ५’च्या माहितीपुस्तिकेत ५ ते ३५ अंश सेल्सिअस हे वापराचे तापमान दिले आहे, स्टीम डेकचीही वरची मर्यादा ३५ अंशच आहे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४० च्या वर जातो. पत्र्याच्या घरातील हवा त्या मर्यादेच्या आत राहणे अशक्य, आणि सुट्टीतील मुले दुपारीच खेळतात. यंत्र तापले की प्रोसेसर आपली गती आपणच कमी करतो; खोक्यावरील आकडा खरा असूनही दुपारी तो खोटा ठरतो. म्हणून ‘४५ अंशांच्या खोलीत दोन तास सलग खेळल्यावर चित्राची गती अमुक’ असे सांगणारे प्रमाण भागांच्या दहा ओळींच्या यादीहून अधिक मोलाचे आहे. वीज अकस्मात जाणे ही दुसरी गोष्ट. आजची स्टीमओएस आपल्या मूळ भागाच्या दोन प्रती ठेवते, व अद्ययावत करताना वीज गेली तर जुन्या प्रतीवर यंत्र सुरू होऊ शकते. हे वर्तन प्रत्येक उत्पादकावर बंधनकारक करता येण्याजोगे आहे. तिसरी गोष्ट खेळाच्या आकाराची. १०० गिगाबाइटचा खेळ सेकंदास २० मेगाबिटच्या जोडणीवरून उतरविण्यास अखंड अकरा तास लागतात. अर्धवट उतरलेला भाग वीज गेल्यावर वाया जातो की नाही, हे खोक्यावर लिहिलेले नसते.

परंतु सर्वांत दुर्लक्षित अट लिपीची आहे. ९ ठिपक्यांचा नियम हातातील ७ इंची पडद्यासाठी आहे. तेथे ९ ठिपके म्हणजे सुमारे १ मिलिमीटर, आणि ३० सेंटिमीटरवरून पाहिल्यास ती उंची डोळ्याशी सुमारे १२ कलांचा कोन करते. तेच ९ ठिपके १९२० × १०८० ठिपक्यांच्या ४३ इंची टीव्हीवर साडेचार मिलिमीटरांचे होतात. पण ३ मीटरवरून त्यांचा कोन जेमतेम ५ कला भरतो. नेत्रतपासणीच्या तक्त्यावरील ६/६ ची ओळ नेमकी ५ कलांची असते. म्हणजे निर्दोष डोळ्याला तक्त्यावरील ती ओळ जितक्या कष्टाने वाचावी लागते, तितक्या कष्टाने खेळातील प्रत्येक सूचना वाचावी लागेल. चित्र पडद्याच्या प्रमाणात वाढवून अक्षर १२ ठिपक्यांचे केले, तरी कोन ७ कलांच्या आतच राहतो.

हा हिशेब रोमन अक्षराचा झाला. देवनागरीत तीच उंची तीन पट्ट्यांत वाटावी लागते: शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, मध्ये अक्षराचा देह, खाली उकार व ऋकार. ९ ठिपक्यांत देहाच्या वाट्यास फार तर ५ येतात. त्या ५ ठिपक्यांत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ यांतील भेद उरत नाही. तेव्हा देवनागरीसाठी किमान उंची वेगळी, रोमनच्या निदान दीडपट असावयास हवी, आणि ती ठिपक्यांत न सांगता पाहणाऱ्याच्या अंतरावरून होणाऱ्या कोनात सांगावयास हवी.

उंची मिळाली तरी जुळणी राहतेच. येथे मराठीचा पूर्वानुभव उपयोगी पडतो. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसविले की भारतीय लिपी पडद्यावर येत, व १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकाने, म्हणजे ‘इस्की’ने, अक्षरांना ठरीव संकेत दिले. यंत्र कोणत्याही उत्पादकाचे असो, मजकूर तोच. नंतरच्या खासगी फॉन्टांच्या काळात एका कार्यालयाचा मजकूर दुसऱ्यात निरर्थक चिन्हे होऊन उमटे. युनिकोडच्या प्रसारामुळे ती आपत्ती टळली. युनिकोडची देवनागरी १९८८ च्या इस्कीवर आधारली होती, आणि मराठीला लागणारा ‘ॲ’ हा स्वर तीत २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत, स्वतंत्रपणे आला. क्रीडासंगणकातील कार्यप्रणाली हे सारे जाणते. खेळ मात्र पुष्कळदा आपली अक्षरे स्वतः रेखाटतात, आणि एका संकेतास एक चित्र असा सरळ हिशेब धरतात. मग ‘किल्ला’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसते आणि ‘ल्ल’चा पाय मोडून पडतो. कुवेतच्या यंत्रांनी १९८० च्या दशकात अरबीसाठी जे करून दाखविले, ते १६ गिगाबाइट रॅमच्या यंत्रावर देवनागरीसाठी अवघड असण्याचे कारण नाही. कोणी अट घातलेली नाही, इतकेच.

अशी अट घालावयाची झाल्यास तिची परीक्षा लांबलचक असण्याची गरज नाही. ३ मीटरवर बसलेल्या, चष्मा लागलेला असल्यास तो घातलेल्या प्रौढ वाचकास टीव्हीवरील चार शब्द दाखवावेत: ‘दर्या’, ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’, ‘आचाऱ्यांना’. पहिल्या जोडीत समुद्र कोणता व डोंगरांमधील खोल जागा कोणत्या, आणि दुसऱ्या जोडीत गुरुजन कोणते व स्वयंपाकी कोणते, हे त्याने न अडखळता सांगितले, तर त्या यंत्रावर मराठी वाचता येते असे प्रमाणपत्र देण्यास हरकत नसावी.